शटर काउंट कमी आहे म्हणून वापरलेला फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

औशाहून एका फोटोग्राफरने विचारलं आहे. त्यांच्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम एफ/१.८ या लेन्स, आणि गोडॉक्सचा टीटी६८५ फ्लॅश. लग्नाच्या ऑर्डरी करतात, सप्ताहात कीर्तनाचं व्हिडिओ शूटिंगही करतात. बजेट एक लाख वीस हजार. दोन ठिकाणांहून वापरलेला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा मिळतोय: सोनी ए७ थ्रीची बॉडी ८२ हजारांना, शटर काउंट (शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा) ३८ हजार, आणि कॅनन ईओएस आर, ईएफ अ‍ॅडॉप्टरसह ७० हजारांना. ‘शटर काउंट कमी आहे तर सोनी घेऊन टाकू का?’ असा त्यांचा प्रश्न.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुमच्या कामाला दोघांपैकी ए७ थ्री जास्त योग्य आहे. पण शटर काउंटचा ३८ हजार हा आकडा त्याचं कारण नाही. आणि ८२ हजार बॉडीत घालून उरलेल्या ३८ हजारांत बाकी सगळं बसवायचं म्हटलं, तर पहिल्या सीझनला तुमची अडचण होईल. म्हणून आधी पैशाचं गणित आणि मग बॉडीची तपासणी, या क्रमाने जाऊ.

फुल-फ्रेम घेऊन नेमकं काय मिळतं ते नीट समजून घ्या. तुमच्या १५००डीचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, फुल-फ्रेम ३६ × २४ चा. क्षेत्रफळ साधारण २.६ पट, म्हणजे अंधारात सव्वा ते दीड स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आता लेन्सकडे बघा. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. १८-५५ ही लेन्स ५५ ला एफ/५.६ वर असते. त्या जागी एफ/२.८ ची लेन्स लावली तर तिथल्या तिथे दोन स्टॉप मिळतात. सेन्सर बदलून जेवढं मिळतं त्याहून जास्त लेन्स बदलून मिळतं. मंगल कार्यालयात रात्रीच्या रिसेप्शनला फोटो दाणेदार येतात, ही तुमची मूळ तक्रार असेल, तर महागड्या बॉडीवर एफ/४-५.६ ची किट लेन्स लावून ती अर्धीच सुटेल. माझा ठोकताळा असा: एकूण बजेटच्या साधारण साठ टक्क्यांपेक्षा जास्त बॉडीवर घालायचं नाही. तुमच्या बाबतीत ते ७२ हजार होतात.

फोकसचा फरक मात्र सेन्सरच्या आकारापेक्षाही मोठा आहे, आणि तो खरा. १५००डीत नऊच फोकस पॉइंट, तेही मधोमध गोळा झालेले. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या बॉडीत; तुमचे दोन्ही पर्याय तसेच आहेत) जवळजवळ पूर्ण फ्रेमभर फोकस आणि डोळ्याचा माग घेणारा ऑटोफोकस मिळतो. नवरी-नवरदेव मांडवात चालत येताना, अक्षता उधळताना, एफ/१.८ वर शार्प फोटोंचं प्रमाण किती वाढतं हे वापरल्यावर लगेच कळतं. अपग्रेड करण्याचं हे सगळ्यात मजबूत कारण आहे.

आता तुमच्याकडच्या लेन्सबद्दल. ५० एमएम ही ईएफ लेन्स आहे, ती फुल-फ्रेमला पूर्ण चालते. १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या. त्या अ‍ॅडॉप्टरने ईओएस आर वर लागतात, पण कॅमेरा आपोआप फ्रेम १.६ पट कापतो. ३० मेगापिक्सेलचा कॅमेरा मग ४१७६ × २७८४ ची, म्हणजे साडेअकरा मेगापिक्सेलची फाइल देतो. १२ × ३६ च्या अल्बममध्ये एकच फोटो आडवा पूर्ण पानभर लावला तर इंचाला ११६ पिक्सेल पडतात. छोट्या चौकटींना चालेल, मोठ्या पानाला कमी पडेल. कॅननच्याच आर६ वर याच लेन्स लावल्या तर आठ मेगापिक्सेलच्या आतच राहाल. म्हणून ‘माझ्याकडे कॅननच्या लेन्स आहेत, कॅननच घेतो’ हा विचार तुमच्या बाबतीत एका ५० एमएमपुरताच खरा आहे. ज्यांच्याकडे ईएफ २४-७०, ८५ किंवा ७०-२०० आहे, त्यांना मी डोळे झाकून कॅनन सांगेन. ईएफ लेन्स कॅननच्याच अ‍ॅडॉप्टरवर मूळ बॉडीइतक्याच चालतात. त्याच लेन्स सोनीवर सिग्मा एमसी-११ सारख्या अ‍ॅडॉप्टरने लागतात, पण व्हिडिओत फोकस चाचपडतो. लग्नाच्या कामाला मी ती जोडी सुचवत नाही.

फ्लॅशचा खर्च बरेच जण विसरतात. तुमचा टीटी६८५ कॅननसाठीचा असेल तर सोनीवर लावल्यावर तो मॅन्युअलवरच उडेल, टीटीएल (फ्लॅशचा जोर आपोआप ठरणं) आणि हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरला फ्लॅश) मिळणार नाही. तो स्टँडवर लावायचा असेल तर सोनीसाठीचा गोडॉक्स ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश दुरून उडवणारा) घेतला की तोच फ्लॅश चालतो. फ्लॅश बदलायची गरज नाही, ट्रिगर तेवढा वेगळा लागतो. कॅमेऱ्यावरच फ्लॅश ठेवून पारंपरिक शूटिंग करत असाल तर मात्र एक सोनीचा फ्लॅश खर्चात धरा.

तरीही मी सोनीकडे का झुकतोय? दोन कार्ड स्लॉटमुळे. ईओएस आर, आरपी, आर८ आणि निकॉन झेड६ या चारही बॉडींना एकच स्लॉट आहे, झेड६ ला तर एक्सक्यूडी या महागड्या कार्डाचा. लग्न परत घडवता येत नाही. कार्ड अचानक वाचेनासं झालं तर पार्टीला सांगायला आपल्याकडे काही नसतं. निसर्ग, मॉडेलिंग, स्टुडिओतली पोर्ट्रेट करणाऱ्याला एक स्लॉट चालतो. एकट्या बॉडीवर लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला मी एक स्लॉट कधीच सांगत नाही. ईओएस आर चा सेन्सर चांगला, ग्रिप उत्तम, रंग सुंदर, आणि बॉडी बंद केली की शटर पडदा खाली येऊन सेन्सर झाकला जातो ही तर आपल्या धुळीच्या भागात मोठी सोय. पण त्यात बॉडी स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर शोषणारी सोय) नाही आणि ४के व्हिडिओत फ्रेम जवळजवळ पावणेदोन पट कापली जाते. स्टेजजवळ अरुंद जागेत उभं राहून ४के काढायचं म्हटलं तर २४ एमएमची लेन्स ४० च्या वर गेल्यासारखी वागते. तुमच्या कामात व्हिडिओ आहे, म्हणून हे जड जाईल.

दोन स्लॉटवाल्यांत तुमच्या आवाक्यातले पर्याय असे. ए७ थ्री, २०१८ चा, २४ मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन आहे, ४के २५ फ्रेमला पूर्ण रुंदी मिळते (३० फ्रेमला १.२ पट कापतो, म्हणून २५ वरच ठेवा). त्याची एफझेड१०० बॅटरी कंपनीच्या मोजमापाने ७१० फोटोंची, आणि लांब दिवसांत हा आकडा फार महत्त्वाचा. एक बारीक गोष्ट: त्याचा पहिला स्लॉटच यूएचएस-टू, म्हणजे जास्त वेगाच्या कार्डाचा आहे, दुसरा साधा. दोन्हीकडे एकाच वेळी रॉ लिहिलं की वेग दुसऱ्या स्लॉटचा राहतो. निकॉन झेड५, २०२० चा, फोटोसाठी याच किमतीत बहुतेक जास्त ताजा मिळतो, दोन्ही स्लॉट यूएचएस-टू. पण सेकंदाला साडेचारच फोटो, आणि ४के मध्ये १.७ पट कापतो. फक्त फोटो काढत असता तर मी झेड५ आणि २४-७० एफ/४ ची जोडी आधी सुचवली असती. कॅनन आर६ सगळ्यात सरस, फोकस आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही, पण २० मेगापिक्सेल आणि किंमत चढी. झेड६ टू मधोमध बसतो, मात्र त्याचा एक स्लॉट एक्सक्यूडी/सीएफएक्सप्रेसचा आहे, कार्डाचा खर्च धरावा लागतो. ए७ टू स्वस्त दिसेल. एक स्लॉट, ४के नाही, छोटी एफडब्ल्यू५० बॅटरी. तो घेऊ नका.

कीर्तनाच्या शूटिंगबद्दल वेगळं सांगतो, कारण कंपनीच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत असतं. ए७ थ्री, ईओएस आर, आर६, झेड६ या सगळ्या एका वेळी साधारण २९ मिनिटं रेकॉर्ड करून थांबतात. दोन तासांचं कीर्तन म्हणजे चार-पाच वेळा बटण दाबावं लागणार, आणि नेमकं अभंगाचं चरण चालू असताना क्लिप तुटणार. सोनीच्या ए७ फोरला ही मर्यादा नाही. तोवर उपाय असा की २७-२८ मिनिटं झाली की महाराज टाळ्या-गजरावर येतात त्या क्षणी आपणच थांबवून पुन्हा सुरू करायचं, आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग घ्यायचा. जागेचा हिशेबही करून ठेवा: ए७ थ्रीचं ४के सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ चं कार्ड पावणेतीन तास पुरतं.

आर६ किंवा ए७ फोर घ्यायचा मोह झाला तर आधी घरचा कॉम्प्युटर बघा. त्यांचं दहा-बिट ४:२:२ एच.२६५ व्हिडिओ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं, पण उलगडायला जड) इंटेलच्या ११ व्या पिढीच्या आतले बहुतेक प्रोसेसर हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत, आणि एनव्हीडियाची आरटीएक्स ५० मालिकेआधीची कार्डंही नाही. टाइमलाइन अडकत चालते आणि एडिटर वैतागतो. ए७ थ्रीचं आठ-बिट फुटेज जुन्या मशीनवरही चालतं. रंगात तेवढी लवचीकता नसते, म्हणून त्यात एस-लॉग (नंतर रंग देण्यासाठीचं फिकट प्रोफाइल) वापरू नका. आठ-बिटमध्ये आकाशाच्या, स्टेजच्या पडद्याच्या उतरत्या रंगांत पट्टे पडतात.

आता शटर काउंट. ए७ थ्रीचं शटर दोन लाखांसाठी चाचपलेलं असल्याचं कंपनी सांगते, म्हणजे ३८ हजार हा आकडा फारच बरा वाटतो. पण ट्रॅक्टर घेताना आपण तासांचं मीटर बघतो तसं तो नांगरटीला चालला की नुसत्या वाहतुकीला हेही विचारतो. मिररलेसमध्ये व्हिडिओ चालू असताना शटर एकदाही पडत नाही, सायलेंट मोडमध्ये काढलेले फोटो मेकॅनिकल शटरवर येत नाहीत. तीन सीझन मांडवात रोज सहा तास एलईडी वॉलला लाइव्ह फीड देत उभी राहिलेली बॉडी ३८ हजारच दाखवेल. सेन्सर तापला, एचडीएमआय पोर्ट ढिलं झालं, स्क्रीनची फ्लेक्स केबल दमली, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न असा: ‘यावर व्हिडिओ किती काढला, आणि व्हिडिओ मिक्सरला जोडायचात का?’ ‘व्हिडिओ फार नाही’ एवढ्यावर थांबू नका. एचडीएमआयच्या खोबणीभोवतीचे ओरखडे बघा, ते खरं सांगतात. ए७ थ्री आणि आर६ ला मायक्रो एचडीएमआय आहे, तो नाजूक. ईओएस आर, झेड५, झेड६ ला मिनी. स्वतःची केबल आणि छोटा मॉनिटर घेऊन जा, चित्र चालू असताना केबल हलकेच डावी-उजवी हलवा. चित्र तुटलं तर मिक्सरचं काम त्या बॉडीवर होणार नाही.

काउंट स्वतः तपासायचा असेल तर ताजा जेपीईजी काढून एक्झिफटूल या फोटोची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. निकॉन तो आकडा फोटोच्या माहितीतच लिहितं, ए७ थ्रीच्या फाइलमधूनही वाचता येतो. ईओएस आर सारख्या कॅननच्या बऱ्याच बॉडी तो फोटोत लिहीत नाहीत, केबल लावून वेगळ्या प्रोग्रॅमने किंवा सर्व्हिस सेंटरवर काढावा लागतो. कुणी ईओएस आर चा काउंट फोटोतून दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

मराठवाड्यातल्या लग्नात वापरलेल्या बॉडीला दोन धोके विशेष आहेत. पहिला लेझर. वरातीच्या डीजेवर, रिसेप्शनच्या स्टेजवर लेझर दिवे फिरतात. डीएसएलआरमध्ये आरसा आणि शटर सेन्सरसमोर असतं, फोटोच्या क्षणापुरतं ते उघडतं. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच. लेझरचा किरण लेन्समधून सरळ आत गेला तर सेन्सरवर ठिपका किंवा आडवी-उभी रेघ कायमची जळते. सेन्सर बदलण्याचा खर्च वापरलेल्या बॉडीच्या किमतीच्या अगदी जवळ जातो, म्हणजे तो कॅमेरा भंगारच. तपासायचं असं: लेन्सला झाकण लावा, आयएसओ १६००, शटर एक सेकंद, एक फोटो. मग आयएसओ १००, ३० सेकंद, दुसरा. दोन्ही मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. तुरळक रंगीत ठिपके लांब एक्स्पोजरला येतातच, ते सहसा किरकोळ. पण पांढरा-जांभळा गट, किंवा फ्रेमभर गेलेली सरळ रेघ दिसली की उठायचं. फोटोत न दिसलेला दोष व्हिडिओत दिसू शकतो, म्हणून झाकण लावूनच एक मिनिट ४के क्लिपही घ्या आणि मोठ्या स्क्रीनवर बघा.

दुसरा धोका हळदीचा. हळदीच्या कार्यक्रमातली पूड, जेजुरीचा भंडारा, मिरवणुकीचा गुलाल, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ. ही डायलखाली आणि जॉयस्टिकच्या मुळाशी जाऊन बसते. बाहेरून पुसून आणलेला कॅमेरा नवा दिसतो, पण डायल एक-एक खटका फिरवून बघा. प्रत्येक खटक्याला अ‍ॅपर्चर एकच पायरी बदललं पाहिजे. कधी दोन पायऱ्या उडी मारली, कधी उलट गेलं, तर आत घाण आहे. फ्लॅशच्या हॉट शूच्या खाचेत आणि बॅटरीच्या दाराच्या बिजागरीत टॉर्चने पिवळी किनार दिसते का बघा. तिथली हळद कुणी साफ करत नाही.

सेन्सरची धूळ वेगळी. एफ/१६, आयएसओ १००, फोकस अनंतावर (इन्फिनिटी), पांढरी भिंत किंवा रिकामं आकाश, कॅमेरा किंचित हलवत फोटो. धूसर गोल ठिपके म्हणजे धूळ, ती ब्लोअरने किंवा साफसफाईने जाते, त्यावर भाव कमी करून घ्या. बारीक धारदार केसासारखी रेघ, जी ब्लोअर मारल्यावरही जागची हलत नाही, ती ओरखड्याची. कापडाने सेन्सर पुसणारे महाभाग असतात. सोडून द्या.

स्टॅबिलायझेशनवाल्या बॉडी बंद असताना हलवल्या तर आत काहीतरी खुळखुळतं. सोनीत, आर६ मध्ये हे नेहमीचंच, घाबरू नका. चालू केल्यावर आवाज बंद झाला पाहिजे. कॅमेरा टेबलावर ठेवून एक मिनिट व्हिडिओ घ्या, चित्र थरथरलं किंवा अधूनमधून झटका बसला तर यंत्रणा गेली. मग वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटवून समोरून एफ/५.६ वर फोटो, चारही कोपरे सारखे शार्प हवेत. एक बाजू मऊ आली तर दुसरी लेन्स लावून पुन्हा काढा. त्याच बाजूला पुन्हा मऊपणा आला तर बॉडी पडलेली आहे, सेन्सर किंवा माउंट वाकलाय.

शटर बघायला सोनीत इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडून करवणारा पर्याय) बंद करा, तो मूळ सेटिंगमध्ये चालू असतो आणि पहिल्या पडद्याचा दोष लपवतो. मग उजेडातल्या भिंतीवर १/४००० आणि १/८००० ला दहा-दहा फोटो. वरून खाली उजेड बदलला, एखाद्या फ्रेमला काळी पट्टी आली, तर शटर संपत आलंय. हे बाहेर उन्हात करा. मंगल कार्यालयातल्या एलईडीखाली केलं तर दिव्याचेच पट्टे येतील आणि चांगली बॉडी उगाच नाकारली जाईल.

बाकीची तपासणी पटकन होते. दोन्ही स्लॉटमध्ये आपलंच कार्ड घालून फॉरमॅट करून लिहून बघा. स्क्रीन पूर्ण वर-खाली फिरवत राहा, एखाद्या कोनात काळी पडली तर फ्लेक्स केबल जातेय. हॉट शूवर फ्लॅश लावून वीस वेळा उडवा. माउंटवर लेन्स लावून हलकी पिळा, घट्ट बसली पाहिजे. तळाची ट्रायपॉडची आटी, तिथला तडा बघा. बॅटरी मूळ आहे की डुप्लिकेट ते बघा. निकॉनच्या मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीला रिचार्ज परफॉर्मन्सच्या तीन पट्ट्या दिसतात. सोनीत ती सोय नाही. तिथे पूर्ण चार्ज करून व्हिडिओ चालवला की टक्के किती वेगाने पडतात त्यावरून अंदाज येतो.

आणि हाच व्हिडिओ शेवटी ठेवा. ४के लावून कॅमेरा २९ मिनिटं तसाच चालू द्या, तोवर चहा आणि कागदपत्रं होऊ द्या. सोनीत आधी मेन्यूतलं ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर ‘हाय’ वर करा. आर६ चा विषय वेगळा: कंपनीच्याच म्हणण्यानुसार २३ अंश तापमानात ४के ३० फ्रेमला ४० मिनिटं आणि ६० फ्रेमला ३० मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश असतात, तेव्हा हे आकडे आणखी खाली येणार. सतत व्हिडिओ करणाऱ्याने आर६ घेताना हे मनात धरावं.

कागदपत्रांत कसर नको. मूळ जीएसटी बिल, खोका आणि तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर मधल्या माणसाची विक्री-पावती मागा. पैसे देताना एका कागदावर सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या घ्या, आणि रक्कम त्या नावाच्याच खात्यावर पाठवा. चोरीचा माल विकत घेतला तर घेणाराही अडकतो. स्वस्त सोनी बॉडी दाखवून ‘बिल हरवलं’ म्हणत असतील तर मेन्यूत भाषा बघा. जपानच्या स्थानिक बाजारातल्या सोनी बॉडींना फक्त जपानी मेन्यू असतो, इंग्रजी येत नाही. तशी बॉडी इथे वापरायला आणि पुन्हा विकायलाही अवघड.

कुठे आणि केव्हा घ्यायचा? शक्य असेल तर हातात घेऊन. लातूर-नांदेडच्या लोकांना हैदराबादचा कोटी भाग जवळ पडतो, तिथे कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे. संभाजीनगर, जालन्याकडच्यांना पुणे किंवा मुंबईचा फोर्ट सोयीचा. आधी विचारून ठेवा की तुम्ही घेत असलेल्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुम्हाला कुठे जवळ पडतं. ते जिथे आहे तिथे एक दिवस जायची तयारी असली पाहिजे. वेळ म्हणाल तर आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. सीझन संपला की काही जण बॉडी काढतात, आणि ऑर्डर हाताशी नसल्याने भावाला ताणत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर हेच लोक घ्यायला निघतात, तेव्हा घासाघीस कमी चालते. श्रावण-भाद्रपदात घेतलात तर सीझनआधी हात बसवायला दोन महिनेही मिळतात.

तुमच्या दोन पर्यायांवर परत येतो. ईओएस आर सोडा, एक स्लॉट आणि कापलेला ४के, दोन्ही तुमच्या कामाच्या विरुद्ध. ए७ थ्रीच्या विक्रेत्याला वर सांगितल्याप्रमाणे अर्धा दिवस मागा. दुकानाबाहेर बसूनही होतं. लेझर, एचडीएमआय आणि २९ मिनिटांचा व्हिडिओ या तिन्हींत पास झाला तर ७२ ते ७४ हजारांचा आग्रह धरा, त्यात दुसरी मूळ बॅटरी सोबत मिळाली तर ७६ हजारांपर्यंत जायला हरकत नाही. उरलेल्यातून पहिल्या आवृत्तीची वापरलेली टॅमरॉन २८-७५ एफ/२.८. या एका लेन्सवर विधी, फॅमिली फोटो आणि कीर्तन सगळं भागतं. तिला टॉर्च मारून आत बुरशीचे तंतू आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर तेल नाही ना ते बघून घ्या. मग पैसे उरतील तसे ट्रिगर आणि एक यूएचएस-टू कार्ड. सोनीची ८५ एफ/१.८ पुढच्या सीझनला. कॅननची ५० सोनीवर लावायचा खटाटोप करू नका.

१५००डी विकू नका. आजच्या बाजारात त्याचे फार पैसे येणार नाहीत, पण ५५-२५० लावून तो स्टेजवरून दूरचे भाव टिपायला ८८-४०० एमएमसारखा चालतो, आणि सोनी कुठल्या कारणाने बंद पडली तर लग्न वाचवायला हाताशी दुसरी बॉडी असते. ५० एफ/१.८ त्यावरच राहू द्या.

विक्रेत्याने दुकानदारीचा कागद दिला तर त्यावर परतीचे किमान सात दिवस लिहून घ्या, आणि त्या सात दिवसांत एक तरी संध्याकाळ बॉडी बाहेर काढून दोन-तीनशे फोटो आणि तासभर व्हिडिओ घ्या. पहिल्या दिवशी सेटिंग फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर तपासा, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग लावा, आणि वेळ-तारीख १५००डीशी सेकंदापर्यंत जुळवा. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो अल्बमसाठी एकत्र लावताना हे नाही केलं तर विधींचा क्रम विस्कटतो.